‘लिकान्थ्रोपुस’ (१९६१) ला मराठी सबटायटल्स: कामाच्या नोंदी

४ जून

आमच्या फिल्म सोसायटीच्या ऑगस्टमधल्या खेळाला ‘लिकान्थ्रोपुस’ घ्यायचं ठरलं. इटली आणि ऑस्ट्रियाची संयुक्त निर्मिती, १९६१ सालची, कृष्णधवल, सुमारे ८३ मिनिटं. दिग्दर्शक पाओलो हॉइश. हक्कधारकांची लेखी परवानगी हातात आहे, तिची फी सोसायटीने भरली. सबटायटल्स मराठीतच हवीत, असं कार्यकारिणीत एकमताने ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. पुढे दुसऱ्या कुणाला असंच काम करायचं झालं तर हाताशी असावं, म्हणून नोंदी ठेवतेय.

चित्रपट मी आधी पाहिलेला आहे आणि तो निराश करतो. वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, मोजक्या वेळा दिसतो. दिसतो तेव्हा पुढे आलेले सुळे, गालांवर चिकटवलेले केस आणि वटारलेले डोळे, इतकंच. पैसे कमी होते हे फ्रेमाफ्रेमातून कळतं. मुलींच्या सुधारगृहात ज्युलियन ऑल्कॉट नावाचा नवा शिक्षक येतो, तिथली मेरी नावाची मुलगी रात्री जंगलात मारली जाते, आणि मग पाऊण चित्रपट जातो तो मेरीजवळच्या पत्रांचं काय झालं यात. ती पत्रं दाखवून ती सर आल्फ्रेड या बड्या गृहस्थाला धमकावत होती. म्हणजे लांडग्याच्या नावाखाली आपण एक खुनाची रहस्यकथा बघत असतो.

तरी हा चित्रपट दाखवावा, या बाजूने मी बोलले. इटलीतला पहिला वेअरवुल्फपट म्हणून सहसा याचंच नाव घेतलं जातं. रेनातो देल फ्राते याने टिपलेलं रात्रीचं जंगल आजही नजर धरून ठेवतं. आणि प्रिसिलाच्या भूमिकेतली पोलिश अभिनेत्री बार्बरा लास प्रत्येक प्रसंग मनापासून करते, समोरचा करो न करो.

९ जून

सांगाडा म्हणून एक इंग्रजी सबटायटल फाईल घेतली. सुरुवातीची दोन वाक्यं बरोबर बसली, म्हणून वाटलं की सगळी बसेल. शेवटाकडे गेले तर वाक्य आधी आणि माणूस नंतर बोलतोय, अंतर साडेतीन मिनिटांच्या आसपास.

कारण सरळ आहे. ती फाईल युरोपच्या पाल पद्धतीच्या प्रतीवर केलेली, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम. आमची प्रत २३.९७६ ची. ८३ मिनिटांचा चित्रपट २५ च्या वेगाने धावला की ७९ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो. आमच्या प्रतीशी फरक पडतो ३ मिनिटं २४ सेकंदांचा. उपाय म्हणजे सगळ्या वेळांना १.०४२७ ने गुणणं. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलायची सोय आहे, एका क्लिकचं काम. पण आधी कारण ओळखलं पाहिजे. ते न ओळखता मी फाईल पुढेमागे सरकवत राहिले आणि एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. सरकवल्यावर सुरुवात जुळली की शेवट तुटतो, शेवट जुळला की सुरुवात तुटते. असं झालं की दोष वेगाचा, हे पक्कं लक्षात ठेवावं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत अंतर तेवढंच राहत असेल, तरच सरकवणं कामाचं.

गुणून झाल्यावरही मध्ये दोन ठिकाणी झटका बसतो. त्या जुन्या प्रतीत रीळ बदलाच्या जागी तुकडे गेलेले असणार. तिथपासून पुढचं सगळं हाताने सरकवलं.

१५ जून

आज कामाची दिशाच बदलली.

आमच्या प्रतीत इटालियन आणि इंग्रजी असे दोन्ही आवाज आहेत. दाखवायचा तो इटालियन आवाजात, हे ठरलेलं. पण सांगाड्याची फाईल इंग्रजी डबिंग ऐकून केलेली निघाली. पडद्यावर माणूस इटालियनमध्ये दोन शब्द बोलतो आणि खाली पूर्ण वाक्य येतं. काही ठिकाणी उलट, तिकडे लांबलचक संवाद चाललाय आणि खाली एका शब्दावर भागवलंय. इंग्रजी डबिंग करणाऱ्यांनी ओठांच्या मापाने वाक्यं कापली-वाढवली, आणि ती कापलेली वाक्यं सबटायटलमध्ये उतरली.

मावसबहीण इटलीत तोरिनोला असते. तिला पहिल्या वीस मिनिटांचा आवाज पाठवला. तिचा फोन आला, “ताई, हे इंग्रजीवरून करू नकोस गं. माणसं वेगळंच बोलतायत.” तिने सुचवलेली वाटणी अशी: ती इटालियन ऐकून साधा अर्थ मराठीत लिहून पाठवणार, घाईघाईत, कच्चा. मी त्याचे संवाद करणार. वेळा सांगाड्याच्या ठेवायच्या, मजकूर सगळा नवा. आधी भाषांतर केलेलं सगळं बाजूला ठेवलं. त्याची हळहळ आहे, पण ते ठेवणं म्हणजे सावलीची सावली दाखवणं झालं असतं.

ओठ बघून वेळ लावायचा प्रयत्न करू नये. त्या काळच्या इटालियन चित्रपटांत आवाज नंतर स्टुडिओत भरायची पद्धत होती. कलाकार वेगवेगळ्या देशांचे. इथेच बघा, बार्बरा लास पोलंडची, कार्ल शेल हा मारिया आणि मॅक्सिमिलियन शेल यांचा भाऊ, कर्ट लोवेन्स जर्मनीत जन्मलेला, लुचानो पिगोत्सी इटालियन. ओठ कुठल्याच आवाजाशी पूर्ण जुळत नाहीत. वेळ आवाजाच्या लाटेवरच लावायची. एजिसब या सॉफ्टवेअरमध्ये ही लाट, म्हणजे आवाजाचा आलेख, खाली दिसते, शब्द सुरू होतो तिथे रेघ मारायची.

२३ जून

इटालियनवरून करण्याचा मोठा फायदा मानाच्या रूपांत. इंग्रजीत सगळ्यांना एकच संबोधन, तिथे तू की तुम्ही हे आपण अंदाजाने ठरवायचं. इटालियनमध्ये ते ऐकूच येतं. कोण कुणाला कसं बोलतं याचा एक तक्ताच मावसबहिणीने करून दिला. मुली शिक्षकांशी कशा बोलतात, शिक्षक आपसांत कसे, रखवालदार वॉल्टरशी कोण कसं. तो तक्ता भिंतीवर लावला. दोन पात्रांचं नातं कथेत मध्येच बदलत असेल, तर तक्त्यात त्या प्रसंगाची वेळ लिहून ठेवायची.

मराठीची खरी अडचण वेगळी निघाली. आपल्या क्रियापदाला लिंग लागतं. रहस्यकथेत ‘तो आला’ लिहिलं की अर्धे संशयित बाद. आणि इथे संशयितांत बायकाही आहेत. एका प्रसंगात मुलगी घाबरून सांगते की जंगलात आपल्या मागे कुणीतरी होतं. मी सवयीने ‘कुणीतरी होता’ लिहून गेले. मग संपूर्ण फाईल या एकाच नजरेने पुन्हा वाचली. नपुंसकलिंग इथे हात देतं: ‘कोण होतं तिथे?’, ‘कुणीतरी आलं होतं’. लांडग्याऐवजी शक्य तिथे ‘जनावर’ घेतलं, म्हणजे ‘ते’ राहतं. ‘ने मारलं’ ही रचना तर लिंग दाखवतच नाही. रहस्यपटाला सबटायटल करणाऱ्याने शेवटी एक फेरी फक्त यासाठी मारावी: कुठल्या वाक्यातून खुनी आधीच कळतोय का, ते बघायला. आमच्याकडे अशा बऱ्याच जागा निघाल्या.

खुनी कोण ते या नोंदींत लिहिणार नाही.

२ जुलै

फॉन्टचं काम. मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं आहे.

देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार, आणि खाली उकार, रुकार. दोन ओळींचं सबटायटल असलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतात. ‘तू मृत्यूला’ या ओळीखाली ‘निर्भीडपणे’ आलं आणि मधली जागा काळी गिचमिड झाली. एएसएस या प्रकारच्या सबटायटल फाईलच्या स्टाईलमध्ये ओळींमधलं अंतर बदलायची सोय नाही, ते अंतर फॉन्टच्या आतल्या मापावरून येतं. म्हणून फॉन्टच बदलावा लागतो. शेवटी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ घेतला, मध्यम जाडीचा. तो फुकट आहे, आणि ओळी मोकळ्या बसतात. फारच दाटी होते तिथे दोन ओळी वेगवेगळ्या नोंदी म्हणून टाकल्या आणि वरची थोडी उचलली.

पातळ जाडीचा फॉन्ट घेऊ नये. जुन्या फिल्मला दाणे असतात. ते सतत हलत असतात, आणि त्यावर बारीक शिरोरेषा थरथरल्यासारखी दिसते. लॅपटॉपवर हे जाणवत नाही, भिंतीवर सहा फुटांचं चित्र टाकलं की लगेच दिसतं. तेव्हा फॉन्टचा निर्णय लॅपटॉपवर करू नये, एवढंच.

फाईल साठवताना एन्कोडिंग युटीएफ-८ आहे ना ते दरवेळी बघावं. एकदा नजरचुकीने जुन्या विंडोज एन्कोडिंगमध्ये साठवली गेली आणि सगळ्या फाईलची प्रश्नचिन्हं झाली. आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून निभावलं.

८ जुलै

वाचण्याचा वेग. सॉफ्टवेअर सेकंदाला किती अक्षरं पडतात ते मोजतं आणि जास्त झाली की ओळ लाल करतं. इंग्रजीसाठी सेकंदाला १७ च्या आसपासची मर्यादा बरेच जण धरतात. ती तशीच मराठीला लावली तर निम्मी फाईल लाल होते. कारण ही मोजणी युनिकोडच्या चिन्हांची असते. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर, पण मोजणीत सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, ईकार. म्हणून त्या लाल रंगावर विसंबून वाक्यं कापत बसू नये. मी काही सुंदर वाक्यं तशी कापली होती, ती परत आणली.

मग मोजायचं कसं? सोसायटीतले सर्वांत ज्येष्ठ सभासद निवृत्त मराठीचे शिक्षक आहेत. सरांना घरी बोलावलं, आवाज बंद करून चित्रपट लावला आणि ओळी मोठ्याने वाचायला सांगितल्या. सर संथ वाचतात, शब्द न् शब्द. जिथे त्यांची ओळ पूर्ण व्हायच्या आत सबटायटल गेलं, तिथे मी खूण केली. चष्मा कपाळावर सरकवून ते दर दहा मिनिटांनी थांबत आणि सांगत, “इथे ‘त्यामुळे’ कशाला? काढ ना.” त्यांचं बरोबर असायचं. ‘त्यामुळे’, ‘मात्र’, ‘खरं तर’, ‘अगदी’ हे शब्द काढून टाकले की ओळ श्वास घेते. संवादात नाव घेऊन हाक मारलेली असेल तर तीही बहुतेक वेळा गाळता येते, ऐकू येतच असते.

सरांच्या वाचनानंतर ठरवलेले नियम: एका वेळी दोनच ओळी, एका सेकंदापेक्षा कमी काहीही ठेवायचं नाही, दोन सबटायटल्समध्ये निदान दोन फ्रेमची फट, आणि दृश्य बदललं की जुनं सबटायटल पुढच्या दृश्यात लोंबू द्यायचं नाही. शेवटचा नियम भीतिपटात सगळ्यांत मोलाचा. अंधारात अचानक चेहरा येतो त्या क्षणी खाली मागच्या संवादाचे शब्द असले, तर डोळा खाली जातो आणि दचकायची जागा हुकते. या चित्रपटात अशा जागा आधीच थोड्या. आहेत त्या तरी सांभाळायला हव्यात.

१६ जुलै

हॉलमध्ये चाचणी. अक्षरांचा रंग पांढरा शुभ्र ठेवला होता. रात्रीच्या प्रसंगांत तो डोळ्यांत टोचतो, आणि मुलींच्या पांढऱ्या कपड्यांवर आला की विरघळतो. पिवळा करून पाहिला. वाचायला उत्तम, पण कृष्णधवल चित्रात पिवळी पट्टी कायम वेगळी पडते. देल फ्रातेने इतक्या निगुतीने राखलेल्या करड्या छटा त्या एका रंगापुढे फिक्या पडतात, हे मला सहन झालं नाही. शेवटी किंचित करडा पांढरा आणि भोवती तीन पिक्सेलची काळी कड. सावली काढून टाकली.

दुसरी गोष्ट खुर्च्यांवर बसल्याशिवाय कळली नसती. आमचा हॉल सपाट जमिनीचा, उतार नाही. पाचव्या रांगेतून खालची ओळ पुढच्यांच्या डोक्यांमागे जाते. चित्राच्या उंचीच्या दहा टक्के जागा खाली सोडून सगळी सबटायटल्स वर घेतली. चित्रावर थोडं अतिक्रमण होतं, पण न दिसणाऱ्या ओळीपेक्षा बरं.

२१ जुलै

कार्यकारिणीला पूर्ण चित्रपट दाखवला. तांत्रिक तक्रार एकच आली, एका ठिकाणी शुद्धलेखनाची. बाकी सगळी नाराजी चित्रपटावर.

पहिली दहा मिनिटं सगळे सावरून बसले होते. मेरीचा खून झाल्यावर हॉलमध्ये चांगली शांतता होती. मग पत्रं सुरू झाली. ही पत्रं कुणाकडे, ती कुणाला हवी, वॉल्टर ती कशी लपवतो, सर आल्फ्रेडची बायको काय करते. अर्ध्या तासानंतर खुर्च्या कुरकुरायला लागल्या. मागून कुणीतरी विचारलं, “लांडगा परत कधी येणार?” वैद्यकीय स्पष्टीकरण येतं, चंद्र आणि शरीरातली ग्रंथी यांचा संबंध वगैरे, तिथे तर दोघे उठून चहाला गेले.

नंतरच्या चर्चेत दोन सूचना आल्या. एक, मधली वीस मिनिटं कापू. दोन, संवाद जरा चुरचुरीत करू, लोक निदान हसतील. दोन्हींना मी ठाम विरोध केला. कापायची परवानगी आपल्याकडे नाही, ही एक गोष्ट. पण परवानगी असती तरी मी कापलं नसतं. सबटायटल करणाऱ्याने चित्रपट सुधारायचा नसतो. कथा कुठे पसरते, कुठे अडते, कुठे एकदम धरते, हे प्रेक्षकाला इटालियन प्रेक्षकासारखंच कळलं पाहिजे. वाईट वाक्य चांगलं करून दिलं तर चित्रपटाबद्दल आपण खोटं बोललो. चुरचुरीत केलं तर त्या कलाकारांना आपण हास्यास्पद केलं, आणि उत्तर द्यायला ते इथे नाहीत.

पण प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर सबटायटलमध्ये नव्हतं. ते आमच्या जाहिरातीत होतं. भिंतीवर लावलेल्या पोस्टरवर आम्ही भलामोठा लांडगा काढला होता. लांडगा बघायला बोलावलं तर लोक लांडग्याचीच वाट बघणार. चित्रपटाच्या वाट्याला हे आधीही आलेलं आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये एमजीएमने तो ‘वेअरवुल्फ इन अ गर्ल्स डॉर्मिटरी’ या नावाने लावला, बोरिस कार्लोफच्या ‘कॉरिडॉर्स ऑफ ब्लड’ बरोबर जोडीने, आणि सुरुवातीला ‘द घूल इन स्कूल’ नावाचं नाचरं गाणं घातलं. आर्मांदो त्रोवायोलीचं मूळ संगीत ऐकलं की कळतं, त्या गाण्याने किती मोडतोड केली असेल ती. त्रोवायोली सुरुवातीपासून दबा धरून बसतो, आणि गाणं पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतं की हे काही खरं धरू नका.

ठरलं ते असं: पोस्टर बदलायचं. नवीन पोस्टरवर रात्रीचं जंगल, एक मुलगी आणि वाक्य ‘मेरीला कुणी मारलं?’. लांडगा नाही. जुन्या पोस्टरच्या छपाईचे ९०० रुपये गेले.

२८ जुलै

श्रेयनामावलीचं काय करायचं? पडद्यावर दिग्दर्शक ‘रिचर्ड बेन्सन’, लेखक ‘ज्युलियन बेरी’, संगीत ‘फ्रान्सिस बर्मन’. ही सगळी घेतलेली इंग्रजी नावं. खरे अनुक्रमे पाओलो हॉइश, एर्नेस्तो गास्ताल्दी आणि त्रोवायोली. पिगोत्सी ‘ॲलन कॉलिन्स’ या नावाने वावरतो. १९५७ मध्ये रिकार्दो फ्रेदाचा ‘इ वाम्पिरी’ आला तो इटलीत फारसा चालला नाही. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या हॅमर या चित्रपट कंपनीचा ‘ड्रॅक्युला’ मात्र जोरात गेला. मग इटालियन भीतिपट इंग्रजी वेष घालून यायला लागले, फ्रेदा स्वतः ‘रॉबर्ट हॅम्प्टन’ झाला.

सबटायटलमध्ये खरी नावं टाकावीत का, यावर वाद झाला. मी नाही म्हटलं. पडद्यावर जे लिहिलंय तेच मराठीत दिसावं. खऱ्या नावांसाठी एक पानी पत्रक काढलं. त्यात एवढं घातलं: हॉइशने १९५८ मध्ये ‘ला मोर्ते व्हिएने दालो स्पात्सियो’ केला होता, इटलीतल्या अगदी सुरुवातीच्या विज्ञानपटांपैकी एक, आणि पुढे १९६२ मध्ये पासोलिनीच्या कादंबरीवरचा ‘ऊना वीता विओलेन्ता’ ब्रुनेल्लो रोंदीबरोबर. गास्ताल्दी तर पुढे इटालियन भीतिपटाचा कणाच झाला, ‘ला फ्रुस्ता ए इल कोर्पो’ (१९६३) च्या लेखनात तो आहे. हे वाचून बसलं की प्रेक्षकाची नजर बदलते. स्वस्तातलं काम करणारी ही माणसं हात मारून पळणारी नव्हती, वेळ आणि पैसा नसताना शिकत होती. पत्रे-धमकीची गुंतागुंत गास्ताल्दी इथे जमवू शकलेला नाही. माझ्या मते दोष एकच: संशयित फार आणि त्यांतल्या कुणाचीच भीती वाटेल इतका वेळ कुणाला दिलेला नाही. रंगभूषेला सगळे नावं ठेवतात, पण सुळे जरा बरे असते तरी ही कथा इतकीच धरली असती.

२ ऑगस्ट

हॉलच्या मशीनवर फाईल चालवली आणि पोटात गोळा आला. व्हिडिओ आणि वेगळी सबटायटल फाईल असं दिलं होतं. त्या मशीनवरच्या जुन्या प्लेअरला देवनागरी जुळवता येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडते, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात. ‘प्रिसिला’ तर वाचताच येत नव्हतं. प्रोजेक्टर बघणारा मुलगा म्हणाला, “ताई, इथं नवीन काही टाकायला परवानगी नाही.” त्याचा इलाज नव्हता.

यावर खात्रीचा मार्ग एकच, सबटायटल्स चित्रातच जाळून घेणं, म्हणजे हार्डसब. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरने केलं. फॉन्टची फाईल त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, नाहीतर ते दुसराच फॉन्ट उचलतं आणि ओळी पुन्हा भिडतात. गुणवत्तेचा आकडा, म्हणजे सीआरएफ, १८ ठेवला. जुन्या लॅपटॉपला रात्रभर काम.

पहाटे लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली. एमपी४ फाईल अर्धवट राहिली की उघडतच नाही, कारण तिची सूची सगळ्यांत शेवटी लिहिली जाते. दुसऱ्यांदा आउटपुट एमकेव्हीत काढलं, ते अर्धवट राहिलं तरी तिथपर्यंत चालतं. पूर्ण झाल्यावर एमपी४ मध्ये नुसतं हलवून घेतलं, त्याला मिनिटही लागत नाही. शेजाऱ्यांकडून इन्व्हर्टरची लाईन ओढून घेतली, त्यांचे आभार.

९ ऑगस्ट

खेळ झाला. बाहेर धो-धो पाऊस होता तरी खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या.

नवीन पोस्टर आणि पत्रक यांनी काम केलं. या वेळी पत्रांच्या प्रसंगांत लोक पुढे वाकून बघत होते, कारण त्यांना खुनी शोधायचा होता. मध्यंतरात दोन कॉलेजच्या मुली संशयितांची यादी करत होत्या आणि त्यांचा संशय एका बाईवर होता. नपुंसकलिंगाच्या त्या फेरीचं चीज झालं. वॉल्टर पहिल्यांदा आला तेव्हा एक काका शेजाऱ्याला म्हणाले, “हा पीटर लोरेसारखा दिसतो.” ते खरंच आहे, लोरे हा हॉलिवूडचा जुना नट, आणि वॉल्टर झालेल्या पिगोत्सीला इटलीचा पीटर लोरे म्हणतच. लांडग्याचा चेहरा जवळून आला तेव्हा थोडं हसू फुटलं. ते होणारच होतं. बार्बरा लासच्या जवळच्या दृश्यांना मात्र हॉल पूर्ण शांत.

बाहेर पडताना बहुतेकांचं मत एकच: ठीक आहे, फार काही नाही. मलाही तसंच वाटतं. पण लांडगा दिसलाच नाही, फसवलं, असं कुणी म्हणालं नाही. चर्चा झाली ती संवादांवर आणि शेवटावर.

दोन चुका पडद्यावर दिसल्या. एका ठिकाणी ‘आलो’ हवं तिथे ‘आले’ राहिलं. बोलणारा दाराबाहेर आहे, आवाजावरून मी बाई समजले होते. आणि शेवटाकडे एक सबटायटल दृश्य बदलल्यावर दोन-तीन फ्रेम लोंबतं.

१३ ऑगस्ट

दोन्ही चुका दुरुस्त करून हार्डसब पुन्हा काढून ठेवलं. मावसबहिणीला अंतिम फाईल पाठवली, तिने अजून तीन ओळी सुचवल्या, त्याही घातल्या.

खर्च, परवान्याची फी सोडून: हॉलचं एका संध्याकाळचं भाडं २,५००, चाचणीच्या दिवसाचं ८००, पत्रक ६५०, नवीन पोस्टर ९०० आणि वाया गेलेल्या जुन्याचे ९००, पेनड्राइव्ह ४५०. एकूण ६,२०० रुपये. सॉफ्टवेअर आणि फॉन्ट यांना पैसा लागला नाही. सगळ्यांत जास्त वेळ इंग्रजी डबिंगवरून केलेलं काम टाकून पुन्हा करण्यात गेला. तेव्हा पहिल्या दिवशीच दोन्ही आवाजांची पाच मिनिटं शेजारी लावून ऐकावीत आणि मग सांगाड्याला हात घालावा.

वेळांची फाईल, मानाच्या रूपांचा तक्ता आणि फॉन्टची स्टाईल सोसायटीच्या कपाटातल्या डिस्कवर ठेवली आहेत. पुढचा इटालियन चित्रपट घेणाऱ्याने स्टाईल तशीच उचलावी, हॉलसाठी खालची दहा टक्के जागा आधीच सोडलेली आहे.